द्रष्टा लामार्क

सृष्टीच्या आरंभी प्राण्यांच्या जाती जशा निर्माण झाल्या तशाच त्या आजही आहेत, असे अठराव्या शतकातील बहुतेक विद्वान मानत असत. या समजुतीला ज्यांनी सविस्तर आव्हान दिले, त्यांत झाँ बाप्तिस्त लामार्क हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ अग्रणी होते.

लामार्क यांचा जन्म १ ऑगस्ट १७४४ रोजी उत्तर फ्रान्समधील पिकार्डी प्रांतात एका खानदानी, परंतु गरीब कुटुंबात झाला. अकरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. मुलाने धर्मगुरू व्हावे अशी वडिलांची इच्छा होती; पण वडिलांच्या निधनानंतर १७६१ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. लढाईत वरिष्ठ अधिकारी धारातीर्थी पडल्यावरही त्यांनी आपली जागा सोडली नाही. पुढे मानेच्या दुखण्यामुळे त्यांना सैन्य सोडावे लागले. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर पॅरिसमध्ये दिवस काढीत असताना त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. फ्रान्समधील वनस्पतींवरील त्यांच्या तीन खंडांच्या ग्रंथामुळे त्यांचे नाव झाले आणि १७७९ मध्ये विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले.

१७९३ मध्ये पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात त्यांच्याकडे कीटक आणि कृमी यांच्या अध्यापनाचे काम आले. तेव्हा ते जवळजवळ पन्नाशीला पोहोचले होते आणि विषय दुर्लक्षित होता. तरीही त्यांनी या प्राण्यांचे नव्याने वर्गीकरण केले. त्यांना 'अपृष्ठवंशी' हे नाव लामार्क यांनीच दिले.

१८०९ मध्ये त्यांचा 'प्राणिशास्त्रीय तत्त्वज्ञान' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात दृष्टी गमावलेल्या प्राण्यांची उदाहरणे आहेत. स्पॅलॅक्स हा उंदरासारखा प्राणी जमिनीखाली राहतो. त्याचे अवशेषरूप डोळे कातडीखाली झाकलेले असतात. युरोपातील गुहांमधील पाण्यात राहणाऱ्या प्रोटिअस या प्राण्याचे डोळेही असेच खुरटलेले असतात. ज्याला पाहता येत नाही, त्याच्या शरीरात डोळ्यांच्या खुणा कशासाठी? त्याचे पूर्वज डोळस होते, हेच याचे उत्तर होय, असे लामार्क यांनी ओळखले. वापर नसल्यामुळे अवयव क्षीण होतो आणि ती क्षीणता संततीत उतरते, असे कारण त्यांनी सांगितले.

जॉर्ज क्यूव्हिए यांच्यासारख्या वजनदार शास्त्रज्ञांना हे विचार पटले नाहीत. त्यातच लामार्क यांची दृष्टी मंदावत गेली आणि १८१८ च्या सुमारास त्यांना पूर्ण अंधत्व आले. त्या वेळी अपृष्ठवंशी प्राण्यांवरील त्यांचा महाग्रंथ अपुरा होता. त्यांनी धीर सोडला नाही. ते सांगत आणि मुलगी लिहून घेई. अशा रीतीने १८२२ मध्ये सातवा व अखेरचा खंड पूर्ण झाला. १८ डिसेंबर १८२९ रोजी दारिद्र्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन तात्पुरत्या जागेत झाल्यामुळे त्यांची समाधीही उरली नाही.

लामार्क यांचे निरीक्षण अचूक होते. त्यांनी दिलेले कारण मात्र पुढे टिकले नाही. चार्ल्स डार्विन यांनीही १८५९ मध्ये गुहेतील प्राण्यांच्या अंधत्वाचे कारण वापराचा अभाव हेच मानले होते. आजचे विज्ञान आनुवंशिक बदलांकडे बोट दाखवते. उजेडात आंधळा मासा सहसा तग धरत नाही. अंधारात मात्र डोळे बिघडवणारा बदल अपायकारक ठरत नाही व तो पुढील पिढ्यांत टिकून राहतो. शिवाय डोळे आणि त्यांच्याशी निगडित मेंदूचा भाग यांना पुष्कळ ऊर्जा लागते. अन्नाची टंचाई असलेल्या गुहेत ती वाचणे लाभाचे असते. मेक्सिकोतील आंधळ्या गुहामाशाच्या गर्भात डोळा तयार होऊ लागतो आणि नंतर झिजतो. त्याच वेळी जबड्याभोवती रुचिकलिका वाढतात व पाण्यातील सूक्ष्म कंपने त्वचेला अधिक जाणवतात. वेगवेगळ्या गुहांतील आंधळ्या माशांचा संकर केल्यास काही पिल्ले डोळस निपजतात. कारण प्रत्येक गुहेत दृष्टी हरपण्यामागे वेगवेगळी जनुके असू शकतात. वापराअभावी दृष्टी गेली असती, तर हे घडले नसते.

म्हणून लामार्क यांचे कार्य कमी मोलाचे ठरत नाही. प्राणी बदलतात, हा विचार त्यांनी विरोध सोसून मांडला. त्यांच्या ग्रंथाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९०९ मध्ये, पॅरिसच्या वनस्पती उद्यानात लोकवर्गणीतून त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्याच्या चौथऱ्यावरील शिल्पात वृद्ध, अंध लामार्क आणि त्यांच्याजवळ उभी असलेली त्यांची मुलगी दिसते.