लाइपझिगहून अल-अझहरकडे : इग्नाझ गोल्डझिहर यांचा विद्याशोध

इस्लामचा अभ्यास विद्यापीठाच्या पातळीवर करायचा तर तो कोठे करावा, हा प्रश्न परदेशी वाढलेल्या एखाद्या तरुणापुढे आज उभा राहिला तर त्याच्या हाताशी क्रमवारीच्या याद्या असतात. लायडन, लंडन, मॉन्ट्रियल, कैरो ही नावे कोणीही सुचवतो. दीडशे वर्षांपूर्वी अशी यादी करताच आली नसती, कारण ज्याला आज इस्लामविद्या म्हणतात तो विषयच स्वतंत्रपणे उभा राहिलेला नव्हता. युरोपातील विद्यापीठांत अरबी शिकवली जाई, पण पुष्कळदा ती हिब्रू बायबलच्या अभ्यासाला पूरक भाषा म्हणून. मुस्लिम जगातील थोर विद्यापीठांत इस्लामचे अध्यापन अखंड चालू होते. तेथे परधर्मीयांना जागा नव्हती. या दोन्ही जगांत शिष्य म्हणून बसलेला आणि पुढे हा विषय उभा करणाऱ्यांत अग्रभागी राहिलेला पंडित म्हणजे इग्नाझ गोल्डझिहर.

गोल्डझिहर यांचा जन्म २२ जून १८५० रोजी हंगेरीतील सेकेशफेहेरवार या गावी झाला. वडील चामड्याचे ज्यू व्यापारी. मुलगा पाचव्या वर्षी हिब्रू बायबल मुळातून वाचू लागला, आठव्या वर्षी तल्मुद त्याच्या हाती आला आणि बाराव्या वर्षी ज्यू प्रार्थनांच्या इतिहासावरील त्याची पुस्तिका छापून निघाली. ही पुस्तिका त्याला पुढे भोवली. गावातील सनातनी मंडळी त्याला पाखंडी म्हणू लागली. १८६५ साली कुटुंब पेस्ट शहरात आले आणि शालेय वयातच इग्नाझ विद्यापीठातील व्याख्यानांना बसू लागला.

तेथे त्याला पहिला गुरू भेटला तो अर्मिनियस वाम्बेरी. दरवेशाचा वेष घेऊन मध्य आशिया पालथा घालून आलेला हा साहसी प्रवासी बाजारात, काफिल्यात आणि धर्मशाळांत भाषा शिकला होता. त्याच्याकडून तरुण गोल्डझिहर तुर्की शिकले. परंतु एका वर्गात भाषा बोलायला आली म्हणजे तिच्यातील विद्या हाती आली असे होत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले असावे. शिक्षणमंत्री बॅरन योझेफ एत्व्हेश यांनी या बुद्धिमान विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्तीची तजवीज केली आणि १८६८ साली ते जर्मनीला गेले. आधी बर्लिन, मग लाइपझिग.

लाइपझिगची निवड अचूक होती. हाइनरिश लेबेरेश्ट फ्लायशर हे पॅरिसच्या सिल्व्हेस्त्र द सासी यांचे शिष्य, आणि अरबी व्याकरण व पाठचिकित्सा यांत त्या काळी युरोपात त्यांच्या तोडीचे फार थोडे होते. एका शब्दाचा अर्थ निश्चित होईपर्यंत पुढचे पान उलटायचे नाही, अशी ती शिस्त. १८७० मध्ये विसाव्या वर्षाच्या आतबाहेर गोल्डझिहर यांना डॉक्टरेट मिळाली, तीही तान्हुम येरुशल्मी या अरबीतून लिहिणाऱ्या मध्ययुगीन ज्यू भाष्यकारावरील प्रबंधासाठी. त्यानंतर ते लायडनला गेले. तेथील ग्रंथालयातील अरबी हस्तलिखितांचा संग्रह जगप्रसिद्ध होता. त्या काही महिन्यांत त्यांच्या अभ्यासाचा रोख अरबी भाषेकडून इस्लामकडे वळला.

१८७२ साली बुडापेस्टला परतल्यावर ते विद्यापीठात बिनपगारी अधिव्याख्याते झाले. पाठीराखे एत्व्हेश आदल्याच वर्षी निवर्तले होते. १८७३ च्या सप्टेंबरात सरकारी साहाय्याने ते पूर्वेच्या प्रवासाला निघाले. इस्तंबूल, बैरूत, दमास्कस, जेरुसलेम असे करीत कैरोत पोहोचले. एव्हाना त्यांना एक गोष्ट उमगली होती. लाइपझिगमध्ये ग्रंथ होते, पण त्या ग्रंथांवर जगणारे लोक नव्हते. फिक्हवरचा वाद छापील पानावर वाचणे निराळे आणि तोच वाद शेखांच्या तोंडून, विद्यार्थ्यांच्या शंकांसह ऐकणे निराळे. ज्याने वेदपाठशाळेतील संथा ऐकली आहे त्या मराठी वाचकाला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

दहाव्या शतकात फातिमी खलिफांनी स्थापलेल्या अल-अझहरमध्ये मशिदीच्या खांबाशी शेख बसत आणि त्यांच्याभोवती शिष्यांचे वर्तुळ भरे. तेथे ज्यू धर्माच्या युरोपीय तरुणाला प्रवेश मिळणे अशक्यप्राय होते. इजिप्तचे शिक्षणमंत्री रियाझ पाशा यांचा पाठिंबा त्यांनी मिळवला आणि १८७३-७४ च्या हिवाळ्यात ते खरोखरच त्या वर्तुळात जाऊन बसले. अल-अझहरमध्ये रीतसर शिकलेले पहिले मुस्लिमेतर युरोपीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. कैरोतच त्यांचा जमालुद्दीन अफगाणी यांच्याशी परिचय झाला. शुक्रवारच्या नमाजालाही ते एकदा जाऊन आले. त्या काळात आपण मनाने मुसलमानच झालो होतो, असे त्यांनी रोजनिशीत नमूद केले आहे. धर्मांतर मात्र केले नाही. इस्लामचा ग्रंथांवर आधारलेला विवेकी एकेश्वरवाद पाहून आपला ज्यू धर्मही असाच शुद्ध व्हावा, ही आकांक्षा त्यांनी तेथून घरी आणली.

घरी मात्र वेगळेच वाढून ठेवले होते. १८७४ मध्ये वडील वारले आणि कुटुंबाचा भार अंगावर आला. ज्या सेमिटिक भाषांच्या अध्यासनाची त्यांना आशा होती, ते त्याच सुमारास पेटर हाताला या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञाला मिळाले. बाप्तिस्मा घेतला असता तर वाट पुष्कळ सुकर झाली असती. जन्माने ज्यू असलेले वाम्बेरी प्रॉटेस्टंट झाले होते आणि प्राध्यापकही. गोल्डझिहर यांनी ती वाट पत्करली नाही. १८७६ साली ते पेस्टच्या ज्यू समाजसंस्थेचे चिटणीस झाले आणि जवळजवळ तीस वर्षे त्यांनी ही नोकरी केली. ठराव लिहिणे, हिशेब, तक्रारी, धनिक विश्वस्तांची मर्जी राखणे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रोजनिशीत या वर्षांचा कडवटपणा पानोपानी आहे, इतका की वाचकाला कधी कधी तो अतिरेकी वाटतो.

तरीही इस्लामविद्येचे पायाभूत ग्रंथ याच वर्षांत, रात्री आणि सुट्टीच्या आठवड्यांत लिहिले गेले. १८८४ मध्ये जाहिरी या विधिसंप्रदायावरील ग्रंथ निघाला आणि १८८९-९० मध्ये ‘मुहम्मदानिशे श्टुडिएन’चे दोन खंड. दुसऱ्या खंडात त्यांनी हदीसवाङ्मयाची चिकित्सा केली. प्रेषितांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या अनेक कथनांत पुढच्या दोन शतकांतील राजकीय व धार्मिक वादांचे प्रतिबिंब आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हदीस पारखण्याची मुस्लिम विद्वानांची स्वतःची शिस्त जुनी आणि कडक आहे. तिचे तपशील ठाऊक असलेल्या माणसाने हे लिहिले होते, म्हणून ते दुर्लक्षिता येण्याजोगे नव्हते. लाइपझिगची पाठचिकित्सा आणि अल-अझहरचे श्रवण यांपैकी एकच शिदोरी असती तर हा ग्रंथ झाला नसता.

मान बाहेरून आला. ज्या प्राच्यविद्या परिषदेला १८८६ साली व्हिएन्नात रा. गो. भांडारकर उपस्थित होते, तिच्याच पुढच्या, म्हणजे १८८९ च्या स्टॉकहोम अधिवेशनात गोल्डझिहर यांना सुवर्णपदक मिळाले. रॉबर्टसन स्मिथ यांच्या मृत्यूनंतर १८९४ मध्ये केंब्रिजने त्यांना बोलावले. इतरही विद्यापीठांची आमंत्रणे आली, पुढे कैरोच्या नव्या विद्यापीठाचेही. त्यांनी सगळी नाकारली. कौटुंबिक जबाबदाऱ्या होत्या, आणि ज्या देशाने त्यांची कदर केली नाही त्याच्यावर जीवही होता. संधी मिळताच देश सोडलेल्यांना हा निर्णय कदाचित कोड्यात टाकील.

मायदेशी पगारी अध्यासन मिळाले ते १९०५ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आणि ज्यू राहूनच. परंतु त्याच्या बऱ्याच आधीपासून इस्लामचे गंभीर अभ्यासक बुडापेस्टकडे डोळे लावून होते. तेथे लायडनसारखा हस्तलिखितसंग्रह नव्हता की लाइपझिगसारखी परंपरा नव्हती. एक चिटणीस होता, जो कचेरीतून आल्यावर पत्रांना उत्तरे लिहीत असे. हंगेरियन विज्ञान अकादमीत त्यांना आलेली तेरा हजारांहून अधिक पत्रे जपून ठेवलेली आहेत. मक्केत राहून आलेले डच पंडित स्नूक हुर्खोन्ये आणि जर्मनीचे थिओडोर नोल्डेके हे त्यांचे नेहमीचे पत्रस्नेही. बर्नार्ट हेलर आणि योझेफ शोमोगी यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले.

१९१० साली इस्लामवरील त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली. ती अमेरिकेत देण्यासाठी लिहिलेली होती, पण तो प्रवास घडला नाही. घरातही दुःखे होती. थोरल्या मुलाने १९०० साली आत्महत्या केली होती. १३ नोव्हेंबर १९२१ रोजी बुडापेस्टमध्ये त्यांचे निधन झाले. सुमारे सहा हजार ग्रंथांचा त्यांचा संग्रह पुढे जेरुसलेमच्या राष्ट्रीय व विद्यापीठ ग्रंथालयात गेला.

व्याख्यानांच्या त्या पुस्तकाचे अरबी भाषांतर १९४६ मध्ये कैरोत प्रसिद्ध झाले. भाषांतरकारांत अल-अझहरचे विद्वान होते, आणि जेथे लेखकाचे म्हणणे पटले नाही तेथे त्यांनी तसे टिपांत नोंदवले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९६६ साली, उत्तर प्रदेशातील मऊचे मुहम्मद मुस्तफा आझमी यांनी प्रारंभीच्या हदीसवाङ्मयावरील प्रबंधात गोल्डझिहर यांच्या निष्कर्षांना सविस्तर आव्हान दिले. हदीसांच्या लेखी नोंदी फार लवकर सुरू झाल्या होत्या, हे दाखवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. आझमी आधी देवबंदच्या दारुल उलूममध्ये शिकले, मग अल-अझहरमध्ये. आणि हा प्रबंध त्यांनी ज्या विद्यापीठाला सादर केला ते केंब्रिज होते.