प्रेमचंद रायचंद

विठ्ठलवाडी स्टेशनावर गाडीत बसून तुम्ही मुंबईला कधीतरी गेला असाल. तेथे फोर्ट भागात ओव्हल मैदानाजवळ घड्याळाचा एक उंच मनोरा आहे. तो राजाबाई टॉवर. राजाबाई म्हणजे प्रेमचंद रायचंद यांची आई.

प्रेमचंदांचा जन्म 1831 साली सुरतेस झाला. लहानपणीच ते मुंबईस आले. इंग्रजी शिकले आणि शेअरदलाल झाले. इंग्रजी जाणणारे दलाल तेव्हा फारच थोडे होते.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. मग मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाटावरचा माल तुमच्या विठ्ठलवाडीवरून जाणाऱ्या याच मार्गाने मुंबईस येऊ लागला.

शहरात पैसा इतका झाला की रोज नव्या बँका आणि कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र मात्र अजून जागच्या जागीच होता! प्रेमचंदांचे नाव ऐकले की लोक डोळे मिटून पैसे लावीत. बँकाही भरपूर कर्ज देत.

आता जरा विचार करा. युद्ध कधीतरी थांबणार, हे कोणाला ठाऊक नव्हते? सर्वांनाच ठाऊक होते. कधी थांबेल, एवढेच कोणी सांगू शकत नव्हते. पण चार वर्षे प्रत्येक सौद्यात फायदा झाला, म्हणून भाव वाढले की लोकांना ती आपली हुशारी वाटे. माझ्या मते प्रेमचंदही यातून सुटले नाहीत. ते इतरांपेक्षा हुशार होते, म्हणूनच त्यांना शंका कमी आली असावी.

1865 मध्ये युद्ध संपत आल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. 1 जुलैला वायद्याचे पैसे चुकते करायचे होते. पैसे होते कोणाकडे? बॅकबेचा शेअर मूळ किमतीच्याही खाली गेला. शेकडो घराणी बुडाली. प्रेमचंदही कर्जात बुडाले.

त्यांनी बाजार सोडला नाही, पण पूर्वीचा डौल परत आला नाही. भरभराटीच्या काळात मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी त्यांनी चार लाख रुपये दिले होते. ते बांधकाम 1869 मध्ये सुरू होऊन 1878 मध्ये पुरे झाले. प्रेमचंद 1906 साली वारले. पुरा झालेला तो मनोरा त्यांनी अठ्ठावीस वर्षे पाहिला.