तबकडीचा जनक

जुन्या घरांतून कधी कधी चावीचा ग्रामोफोन आढळतो. त्याच्या पेटीवर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र असले, की तो कोणत्या कारखान्याच्या परंपरेतला, हे जाणकार सहज ओळखतात. अमेरिकेत ही मुद्रा १९०० साली एमिल बर्लिनर यांनी नोंदविली.

बर्लिनर यांचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. कुटुंब मोठे होते. चौदाव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली. १८७० साली ते अमेरिकेस गेले. तेथे दिवसा पोटासाठी पडेल ते काम करून ते रात्री विज्ञान शिकत.

एडिसनच्या यंत्रात आवाज नळकांड्यावर उमटे. १८८७ साली बर्लिनर यांनी त्याऐवजी सपाट तबकडीची कल्पना पुढे आणली. पुढे एका ठशावरून तबकडीच्या अनेक प्रती निघू लागल्या. परंतु यंत्र हाताने फिरवावे लागे. हात अडखळला, की सूरही डळमळे. १८९६ मध्ये कॅमडेन येथील कारागीर एल्ड्रिज जॉन्सन यांनी त्यास कमानीची जोड दिली. चावी देताच तबकडी एकसारखी फिरू लागली.

पुढे विक्रेत्याशी कलह झाला. १९०० साली न्यायालयाच्या मनाईमुळे बर्लिनर यांना अमेरिकेत स्वतःचेच यंत्र विकता येईना. तरी ते खचले नाहीत. कॅनडातील माँट्रिअल येथे त्यांनी नवा उद्योग उभारला. अमेरिकेत ती मुद्रा जॉन्सन यांच्या कंपनीने पुढे चालविली.

३ ऑगस्ट १९२९ रोजी बर्लिनर निवर्तले. त्यांची तबकडी मात्र घरोघर गात राहिली.