वॉल्टर काडेन : एक्झॉस्ट पाइपमधून हॉर्सपॉवर काढणारा इंजिनिअर

गाडी मॉडिफाय करणाऱ्यांच्या गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. एक्झॉस्ट हेडर कोणत्या साइझचा घ्यायचा? हेडर म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळलेला गॅस बाहेर आणणाऱ्या आणि पुढे एकत्र जोडलेल्या नळ्या. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : जेवढा मोठा पाइप, तेवढी जास्त पॉवर. दुसरा एक गट सांगतो की इंजिनला थोडं बॅक-प्रेशर लागतंच, म्हणून पाइप बारीक ठेवा. माझ्या मते दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. का, ते समजून घ्यायचं तर वॉल्टर काडेन यांची गोष्ट माहीत हवी. त्यांनी कारचे हेडर बनवले नाहीत, छोट्या टू-स्ट्रोक रेसिंग बाइक बनवल्या. पण पाइपची लांबी आणि जाडी मोजून इंजिनची ताकद कशी वाढवायची, हे त्यांच्याइतकं ठळकपणे फार कमी जणांनी दाखवलं असेल.

सुरुवात : सॅक्सनी आणि डीकेडब्ल्यू

काडेन यांचा जन्म १९१९ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनी भागात, पोबरशाऊ गावात झाला. तिथून जवळच चोपाउ शहरात डीकेडब्ल्यूचा मोटरसायकल कारखाना होता आणि वडील त्याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याचे ड्रायव्हर होते. म्हणजे घरातच गाड्यांचं वातावरण. १९२७ मध्ये नुर्बुर्गरिंग हा प्रसिद्ध रेस ट्रॅक सुरू झाला, तेव्हा छोटा वॉल्टर तिथे हजर होता. पुढे त्यांनी केम्निट्झला इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं.

१९४० मध्ये ते हेन्शेल या विमान कंपनीत लागले. तिथे हर्बर्ट वाग्नर यांच्या हाताखाली एचएस २९३ या रेडिओने नियंत्रित होणाऱ्या बॉम्बवर काम चालू होतं. काडेन यांनी व्ही-२ रॉकेट बनवलं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते खरं नाही. त्यांचं काम एचएस २९३ शी संबंधित होतं.

हा भाग मी गाळू शकलो असतो, पण गाळत नाही. या बॉम्बने नोव्हेंबर १९४३ मध्ये भूमध्य समुद्रात 'रोहना' नावाचं जहाज बुडवलं आणि हजाराहून जास्त माणसं गेली. बहुतेक अमेरिकन सैनिक होते, पण जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं होतं आणि त्यावर भारतीय खलाशीही होते. ज्या माणसाच्या हुशारीचं आपण पुढे कौतुक करणार आहोत, त्याची पहिली नोकरी ही होती. तंत्रज्ञांच्या गोष्टी वाचताना हेही लक्षात ठेवायला हवं.

लाकडाचा धंदा आणि घरची रेसिंग बाइक

युद्ध संपल्यावर काडेन यांना काही काळ अमेरिकनांनी ताब्यात ठेवलं. सुटल्यावर ते चोपाउला परतले आणि लाकडाचा व्यवसाय सुरू केला. बॉम्बहल्ल्यांत घरांची छपरं उडाली होती, त्यामुळे लाकडाला मागणी होती. फावल्या वेळात त्यांनी डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ या बाइकवरून स्वतःची रेसिंग बाइक बनवली आणि आसपासच्या रेसमध्ये चालवायला लागले.

चोपाउ आता पूर्व जर्मनीत, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीत आलं होतं. डीकेडब्ल्यूचा जुना कारखाना सरकारी झाला होता. १९५३ मध्ये तिथल्या रेसिंग विभागाची जबाबदारी काडेन यांच्याकडे आली. पुढे हाच कारखाना एमझेड नावाने ओळखला जाऊ लागला. पैसा कमी, चांगल्या धातूची आणि सुट्या भागांची टंचाई, आणि समोर पश्चिमेतल्या श्रीमंत टीम. नंतर तर होंडासुद्धा आली.

पाइपमध्ये नेमकं काय घडतं?

आता थोडं टेक्निकल, पण सोपं आहे.

टू-स्ट्रोक इंजिनमध्ये वेगळे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली आला की आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो, मग ताजं मिश्रण आत येणारे पोर्ट उघडतात. पिस्टन वर जाताना उलट क्रम. म्हणजे ताजं मिश्रण आत आल्यावरही एक्झॉस्टचं दार थोडा वेळ उघडंच राहतं. परिणाम काय? जळायच्या आधीच थोडं पेट्रोल बाहेर. टू-स्ट्रोकची ही जन्मजात अडचण.

एक्झॉस्ट पोर्ट उघडतो तेव्हा दाबाची एक लहर पाइपमधून पुढे धावते. तापलेल्या गॅसमध्ये तिचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर असतो. पाइप जिथे रुंद होत जातो तिथून उलट प्रकारची, म्हणजे कमी दाबाची लहर मागे फिरते. ती सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणालाही आत खेचते. पाइप जिथे पुन्हा निमुळता होतो तिथून जास्त दाबाची लहर परत येते. ही दुसरी लहर बरोबर वेळेवर पोर्टपाशी पोहोचली, तर बाहेर निसटलेलं मिश्रण ती परत सिलिंडरमध्ये ढकलते. एकही हलणारा भाग न लावता मिळालेला जणू फुकटचा सुपरचार्जर.

या मध्ये फुगलेल्या आणि दोन्ही टोकांना निमुळत्या पाइपला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. आपल्याकडे आरएक्स १०० चे शौकीन बाइकला जो पोट सुटल्यासारखा एक्झॉस्ट बसवतात, तोच हा.

ही कल्पना काडेन यांच्या आधीही होती, पण त्यांनी ती अंदाजावर सोडली नाही. पाइपमधल्या दाबाच्या लहरी ते ऑसिलोस्कोपवर बघायचे. फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करताना स्क्रीनवर वरखाली होणारी रेघ दिसते ना, तसंच. लहर कधी निघाली, कधी परतली, हे दिसायला लागल्यावर पाइपचं कुठलं माप बदलायचं ते कळतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे लॉग वाचून डीबग करण्यासारखं वाटतं. दिसत नसेल तर सुधारणार काय?

एक ढोबळ हिशेब करून बघू. इंजिन १०,८०० आरपीएमवर फिरतंय, म्हणजे एका फेरीला साधारण ५.६ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्ट पोर्ट अंदाजे अर्धी फेरी उघडा असतो असं धरा, म्हणजे २.८ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात लहर १.४ मीटर धावते. जायचं-यायचं अंतर १.४ मीटर, म्हणून तिला परत पाठवणारी जागा पोर्टपासून ७० सेंटिमीटरच्या आसपास हवी. आता हेच इंजिन ५,४०० वर फिरवा. वेळ दुप्पट झाला, पण पाइप तेवढाच. लहर फार लवकर येऊन जाते आणि तिचा उपयोग होत नाही. म्हणूनच असे इंजिन एका ठराविक आरपीएमला अचानक खवळल्यासारखे पळतात आणि त्याखाली मरगळलेले असतात.

यासोबत काडेन यांनी आणखी दोन गोष्टी वापरल्या. एक, मिश्रण आत घेण्यासाठी फिरणारी चकती, म्हणजे रोटरी डिस्क व्हॉल्व्ह. ही डॅनियल झिमरमान या रेसरने आपल्या बाइकला बसवून दाखवली होती. दुसरी, सिलिंडरमध्ये मिश्रण आणणारा एक जादाचा पोर्ट.

निकाल? १९५४ मध्ये त्यांची १२५ सीसीची बाइक १३ बीएचपी देत होती. १९६१ पर्यंत तेवढ्याच सीसीतून २५ बीएचपी मिळायला लागली, म्हणजे लिटरमागे २०० बीएचपी. तेही टर्बो किंवा सुपरचार्जर न लावता. तुलना करायची तर आपली लाडकी आरएक्स १०० १९८५ मध्ये आली, ९८ सीसी आणि ११ बीएचपी, म्हणजे लिटरमागे साधारण ११२. आजच्या साध्या १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकमध्ये हा आकडा ७०-७५ च्या घरात असतो.

१९६१ : एका रविवारी सगळं गेलं

१९५८ मध्ये हॉर्स्ट फ्युग्नरने स्वीडनमध्ये २५० सीसीची ग्रां प्री जिंकली आणि एमझेडचं नाव झालं. त्यानंतर टीमचा मुख्य रायडर होता अर्न्स्ट डेग्नर. तो नुसता बाइक चालवणारा नव्हता, त्याला इंजिनही कळायचं. १९६१ मध्ये तो १२५ सीसीच्या जागतिक विजेतेपदाच्या अगदी जवळ होता.

पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. त्याआधी १९६० मध्ये आइल ऑफ मॅनच्या रेसच्या वेळी डेग्नरची सुझुकीच्या लोकांशी ओळख झाली होती. सुझुकीला टू-स्ट्रोक रेसिंगमध्ये यायचं होतं, पण त्यांच्या बाइक फार मागे होत्या. सप्टेंबर १९६१ मध्ये स्वीडनमधल्या क्रिस्टियनस्टाडच्या रेसमध्ये डेग्नरचं इंजिन बंद पडलं आणि त्यानंतर तो पूर्व जर्मनीला परतलाच नाही. त्याची बायको आणि मुलं त्याच सुमारास गाडीच्या डिकीत लपून सीमेपलीकडे आली होती. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला मिळालं.

डेग्नर जपानला, सुझुकीच्या हामामात्सुला गेला आणि काडेन यांचं ज्ञान सोबत घेऊन गेला. १९६२ मध्ये ५० सीसीचं जागतिक विजेतेपद सुझुकी आणि डेग्नर यांनी जिंकलं. टू-स्ट्रोक बाइकचं ते पहिलं जागतिक विजेतेपद. सुझुका ट्रॅकवर तो पडला त्या वळणाला आजही डेग्नरचं नाव आहे, फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना ते माहीत असेल.

यात चूक कोणाची? डेग्नरला कुटुंबासह मोकळ्या देशात राहायचं होतं, ते कळण्यासारखं आहे. पण काडेन आणि त्यांच्या टीमची वर्षानुवर्षांची मेहनत दुसऱ्याच्या नावावर गेली, हेही तितकंच खरं. आजच्या भाषेत कंपनीचा सगळा सोर्स कोड एका माणसासोबत बाहेर गेला.

काडेन मात्र चोपाउलाच राहिले. १९६३ मध्ये माइक हेलवुडने एमझेडवर पूर्व जर्मनीची २५० सीसीची ग्रां प्री जिंकली, घरच्या झाक्सेनरिंग ट्रॅकवर. पण एमझेडला जागतिक विजेतेपद कधीच मिळालं नाही. पुढची अनेक वर्षं टू-स्ट्रोक रेसिंगवर राज्य केलं ते जपानी कंपन्यांनी. काडेन यांचं मार्च १९९६ मध्ये निधन झालं.

मग कारसाठी हेडर कोणता?

कारचं फोर-स्ट्रोक इंजिन वेगळं असतं, पण लहरींचा नियम तोच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आधी इनटेक व्हॉल्व्ह उघडतो, त्या काही क्षणांना ओव्हरलॅप म्हणतात. कमी दाबाची लहर नेमकी तेव्हा परत आली, तर जुना धूर निघून जातो आणि ताजी हवा जास्त येते.

लांबी : लांब नळ्या कमी आरपीएमवर फायदा देतात, आखूड नळ्या जास्त आरपीएमवर. रोज सिग्नलला थांबणाऱ्या गाडीला रेस ट्रॅकचा आखूड हेडर उपयोगाचा नाही.

जाडी : दीड इंचाची नळी पावणेदोन इंच केली, तर व्यास १७ टक्केच वाढतो, पण आतली जागा ३६ टक्के वाढते. गॅसचा वेग पडतो, लहर कमजोर होते आणि खालचा टॉर्क जातो. लोकांना वाटतं बॅक-प्रेशर कमी झाल्याने पिकअप गेला. खरं तर वेग गेलेला असतो. उलट नळी फार बारीक असेल तर वरच्या आरपीएमला गॅस अडकतो आणि इंजिन दमतं.

जोडणी : चारही नळ्या एकदम एकत्र आणल्या, म्हणजे ४-१, तर फायदा जास्त आरपीएमला मिळतो. आधी दोन-दोन आणि मग एक, म्हणजे ४-२-१ केलं, तर मधल्या आरपीएमला गाडी चांगली ओढते.

त्यामुळे हेडर घेताना दुकानदाराला आधी पाइप किती मोठा ते विचारू नका. तुमची गाडी बहुतेक वेळ कोणत्या आरपीएमवर चालते, इंजिन किती सीसीचं आहे आणि कॅमशाफ्ट कंपनीचाच आहे की बदललेला, हे त्याला सांगा आणि त्यावरून माप ठरवायला सांगा. त्याच्याकडे डायनोचे आधीचे आणि नंतरचे ग्राफ असतील तर ते बघा, नुसता सर्वात वरचा आकडा नाही, पूर्ण रेघ बघा. नुसता आवाज वाढवून काही मिळत नाही, मिळाला तर दंड मिळतो. आणि अंदाजाने पाइप बदलण्याआधी एवढं आठवा की काडेन यांच्याकडे पैसा नव्हता, चांगला धातू नव्हता, फक्त मोजायची सवय होती.