परिटाची तारीख

प्रथम वर्षाच्या परीक्षेत एका विषयाने मला दगा दिला. निकाल लागल्यापासून मी मित्रांना चुकवू लागलो. दसरा जवळ आला होता. तास बुडवून मी एकटाच ठाण्याच्या खाडीच्या बाजूला भटकत असे. तेथे एका ओढ्याच्या दगडावर एक पक्षी दिसला. पोटाखाली पिवळा, आणि लांब शेपटी सारखी खालीवर हलवणारा. त्याचे नाव काय, हे विचारायला ग्रंथालयात गेलो, तर ग्रंथपालांनी सलीम अलींचे पुस्तक समोर ठेवले. हा करडा धोबी, म्हणजे आपला परीट. हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येणारा पाहुणा. पुढे मी अलींचे चरित्र मिळवून वाचले आणि पक्ष्यापेक्षा त्या माणसातच अडकलो.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. आईवडील अगदी लहानपणीच गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना खेतवाडीत वाढवले. एकदा छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी कोणती, हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलार्डसाहेबांनी त्याला पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. आयुष्याची दिशा तेथे ठरली.

वाट मात्र सोपी नव्हती. कॉलेजचे पहिलेच वर्ष जड गेले. ते सोडून अली ब्रह्मदेशात कुटुंबाच्या धंद्यात गेले. परत येऊन प्राणिशास्त्र शिकले, पण विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे झूऑलॉजिकल सर्व्हेतील जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये व्याख्यात्याची नोकरी लागली. रजा घेऊन ते बर्लिनला स्ट्रेझमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकायला गेले. १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. अली ती बघत बसले आणि नोंदी करीत राहिले. आपण नाव दिले सुगरण, पण घरटे विणतो तो नर! अर्धे विणून झाले की माद्या येऊन पारख करतात. एखादीने पसंत केले की तो ते पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरीसाठी नवे घरटे विणायला घेतो. नोकरी गेलेल्या माणसाने निवांत बसून पाहिले, म्हणून हे गुपित नीट उलगडले.

१९३९ मध्ये तेहमिना गेल्या. त्या दुःखातही काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे ते प्रसिद्ध पुस्तक आले. पुढे रिप्ले यांच्यासह लिहिलेले दहा खंड १९६४ ते १९७४ या काळात निघाले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि १९८५ मध्ये ते राज्यसभेवर गेले. २० जून १९८७ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

इतक्या मोठ्या कामातली एक लहानशी नोंद मला सर्वांत आवडते. मुंबईत त्यांच्या घराजवळ एक परीट दर सप्टेंबरला ठरल्या जागी येई, आणि असा तो पाच वर्षे येत राहिला. एवढे कळायला दूरच्या रानात जावे लागले नाही. रोज बघायचे आणि तारीख लिहायची, एवढेच.

यंदा माझा राहिलेला विषय सुटला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच ओढ्यावर परीट पुन्हा दिसला. तो गेल्या वर्षीचाच की दुसरा, हे मी सांगू शकत नाही. त्याच्या पायात ओळखीची कडी नाही. पण या वेळी माझ्या खिशात वही होती. तिच्या पहिल्या पानावर मी तारीख लिहिली.