दार उघडलं आणि रीडिंग बदललं!

मॉन्ट्रिअल, १८९९. मॅकगिल विद्यापीठात ओवेन्स नावाचे इंजिनीअरिंगचे प्राध्यापक थोरियम ऑक्साइडचा किरणोत्सर्ग मोजत होते. रीडिंग काही केल्या स्थिर राहीना. दार बंद असताना एक आकडा, दार उघडलं की दुसराच! आपण प्रॅक्टिकलला असतो तर ‘एरर’ लिहून मोकळे झालो असतो. पण ओवेन्ससोबत काम करत होता अर्नेस्ट रदरफोर्ड.

न्यूझीलंडच्या खेड्यातला, बारा भावंडांतला चौथा. शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेला आणि २७व्या वर्षी मॅकगिलमध्ये प्रोफेसर झालेला. वाऱ्याच्या झुळकीने किरण थोडेच उडणार? उडून जाईल तो वायू. रदरफोर्डने थोरियमवरून हवा सोडली आणि ती नळीतून लांबच्या भांड्यात नेली. थोरियम मागेच राहिलं, तरी भांड्यातली हवा किरणोत्सर्गी! शिवाय दर मिनिटाला तिचा जोर निम्म्यावर येत होता. पुस्तकात आपल्याला छळणारा अर्धायुकाल इथूनच पुढे आला.

रेडियममधूनही असा वायू निघतो, हे १९०० मध्ये जर्मनीत डॉर्नने दाखवलं. तो खरंच जड वायू आहे, हे १९०१ मध्ये रदरफोर्ड आणि त्याची विद्यार्थिनी हॅरिएट ब्रुक्स यांनी प्रयोगाने पुढे आणलं. (याच ब्रुक्सला पुढे न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजने लग्न केलंस तर नोकरी सोड, असं बजावलं. तिचं नाव आपल्या पुस्तकांत क्वचितच दिसतं.) हा वायू म्हणजेच रेडॉन. त्याचाच माग काढत रदरफोर्ड आणि सॉडी यांनी सांगितलं, की एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्यात बदलतं. त्या काळी ही चक्क किमयागारी वाटायची. १९०८ चं नोबेल मिळालं तेही या भौतिकशास्त्रज्ञाला रसायनशास्त्राचं!

त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये त्याने हान्स गायगरबरोबर एक उपकरण बनवलं. पितळी नळी, मधोमध तार, दोन्हींत मोठा विद्युतदाब. एक अल्फा कण आत शिरला, की इलेक्ट्रोमीटरचा काटा एकदा हलणार. तोवर किरणोत्सर्गाचा एकत्रित परिणामच मोजता यायचा, आता कण एकेक करून मोजता येऊ लागले. पुढच्याच वर्षी रॉइड्सला घेऊन त्याने अतिशय पातळ काचेच्या नळीत रेडॉन कोंडला. काचेतून बाहेर पडलेले अल्फा कण हेलियमचे निघाले. अणुकेंद्राचा शोध त्यानंतरचा, १९११ चा.

रेडॉन अजूनही जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होतो, ३.८ दिवसांत निम्मा होतो आणि बंद तळघरांत साचतो. ना रंग, ना वास. फुप्फुसांच्या कॅन्सरचं ते एक मोठं कारण असल्याने जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भपातळी सुचवली आहे. घरात ठेवायचे डिटेक्टर अजूनही अल्फा कणांच्याच खुणा टिपतात.

१९१९ पासून रदरफोर्ड केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा प्रमुख होता. १९३७ मध्ये तो गेला, तेव्हा त्याची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनजवळ ठेवली गेली. त्याचा आवाज इतका खणखणीत, की नाजूक उपकरणं त्यानेच बिघडायची. शेवटी कॅव्हेंडिशमध्ये हळू बोलण्याची विनंती करणारी पाटी लावावी लागली. पाटीखाली उभा राहून गप्पा मारतानाचा त्याचा फोटो आहे, नक्की शोधून बघा.