अंकुराची वाढ

मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली की मला हटकून दादासाहेब फाळके आठवतात. भगिनी हसतील, पण त्याला तसेच कारण आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. चित्रकला, फोटोग्राफी, छापखाना असे नाना उद्योग त्यांनी केले. गोध्र्यास असताना प्लेगात पहिली पत्नी आणि मूल गेले. पुढे सरस्वतीबाईंशी विवाह झाला. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताचे चरित्र पडद्यावर पाहिले आणि आपले राम-कृष्ण असेच दिसावेत, हा ध्यास लागला. विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ साली ते विलायतेस गेले व कॅमेरा घेऊन आले.

आता भांडवल कोण देणार? नुसत्या बोलण्यावर कोणी पैसा सोडत नाही. म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभर रोज एकेक चित्र घेतले. पडद्यावर पाहता पाहता बी रुजून वेल झाला! त्यात राजा नाही, राणी नाही, जे खरोखर घडले तेवढेच. ते पाहून कर्ज मिळाले. तरी पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

मग कथाचित्र हाती घेतले. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. अखेर हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले आणि घरचाच भालचंद्र रोहिदास. दादरच्या बिऱ्हाडी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. आपल्याकडे दहा पाहुणे आले तर भाकऱ्या थापून कंबर धरते! त्यावर रात्री अंधारात फिल्मला भोके पाडायची, तेही कामही त्यांच्याकडेच. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

पुढे 'लंकादहन' आले. 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. १९३७ च्या 'गंगावतरण'नंतर त्यांनी चित्रपट काढला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले. १९६९ पासून त्यांच्या नावे सरकारी पुरस्कार सुरू झाला. पहिला देविका राणींना मिळाला.

हे लिहिताना घरातल्या मुलींना विचारले. फाळके सर्वांना ठाऊक होते, सरस्वतीबाई एकीलाही नाही.